नोट्सचं अ‍ॅप कुठल्या भाषेत लिहायचं: रस्ट, पायथन, सी प्लस प्लस की इलेक्ट्रॉन?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे चार मित्र, लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर चालेल असं मराठी टिपणांचं अ‍ॅप करतायत, ओपन सोर्स. एकाला रस्टच पाहिजे. दुसरा म्हणतो चौघांपैकी तिघांना पायथन येतं, तेच घेऊ. तिसरा सी प्लस प्लस आणि क्यूटी ह्या टूलकिटवर (खिडक्या, बटणं, मेनू काढून देणारी तयार लायब्ररी) अडून बसलाय, आणि चौथा म्हणतोय मी इलेक्ट्रॉनमध्ये, म्हणजे वेबपानासारखं जावास्क्रिप्टमध्ये लिहून, दोन आठवड्यांत उरकून टाकतो, तुम्ही बसा भांडत. महिना झाला, कोडची एक ओळ लिहून झालेली नाही, आणि आता म्हणे "कुणीतरी अनुभवी माणसानं सांगून टाका, कुठली भाषा बेस्ट."

मी वीसेक वर्षं डेस्कटॉपचंच काम करतोय, आधी जीटीके, नंतर बरीच वर्षं क्यूटी, आणि मधेमधे ज्यांची नावं आता कुणाला आठवणार नाहीत अशी दोनचार टूलकिट्स. बेस्ट भाषा कुठली ते मी सांगणार नाही. मी असल्या भांडणात पडलो की एकच गोष्ट विचारतो, निवडणार तुम्ही, पण ओझं कोण उचलणार? तुम्ही चौघं, की उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा डिस्ट्रोसाठी (लिनक्सची तयार आवृत्ती) तुमचं अ‍ॅप पॅकेज करणारा मेंटेनर, जो बिचारा लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय, की वापरणाऱ्याच्या मशीनची चार जीबी रॅम, की पाच वर्षांनी तुम्ही सगळे नोकऱ्यांना लागल्यावर हा कोड हातात घेणारा कुणी अनोळखी पोरगा? निवडणारा आणि उचलणारा एकच असेल तर वाद फार चालत नाही, ते वेगळे निघाले की मग पेटतो.

आणि नोट्सच्या अ‍ॅपवरूनच विचारलंत ते बरंच झालं, कारण लिनक्स डेस्कटॉपवर भाषेवरून जी काही कडू भांडणं झाली त्यातलं एक नोट्सच्याच एका एवढ्याशा अ‍ॅपवरून झालेलं आहे. टॉमबॉय त्याचं नाव. टिपणात दुसऱ्या टिपणाचं नाव लिहिलं की आपोआप त्याची लिंक होणार, बाकी काही झगमगाट नाही, पण हाताला इतकं छान बसायचं की सवय लागायची. २००४ मध्ये अ‍ॅलेक्स ग्रेव्हली ह्यांनी ते लिहायला घेतलं, सी शार्पमध्ये, मोनोवर. मोनो म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटची मुक्त आवृत्ती, मिगेल दे इकाझानं २००१ मध्ये जाहीर केलेली, आणि हा मिगेल म्हणजे ज्यानं चार वर्षं आधी ग्नोम हा लिनक्सचा डेस्कटॉप सुरू केला तोच. सी मध्ये मोठी अ‍ॅप्स लिहिणं म्हणजे काय हाल असतात ते त्यानं स्वतः भोगलेलं होतं, म्हणून त्याला मेमरी स्वतः सांभाळणारी, माणसासारखी भाषा हवी होती. तांत्रिक बाजूनं बघितलं तर म्हणण्यात खोट नव्हती. २००६ च्या ग्नोम २.१६ मध्ये टॉमबॉय अधिकृतपणे आलं सुद्धा.

मग ओझ्याचा विषय निघाला, आणि ओझं दोन तऱ्हेचं होतं. पहिलं साधं वजनाचं, अ‍ॅप एवढंसं आणि त्याच्यासाठी अख्खं मोनो रनटाइम, म्हणजे ते चालवायला लागणारा सगळा पसारा, सोबत, आणि तेव्हा उबुंटू यायचं ७०० एमबीच्या सीडीवर जिथं एकेका एमबीसाठी मारामारी चालायची. नाकापेक्षा मोती जड. दुसरं ओझं कायद्याचं. नोव्हेलनं २००३ मध्ये मिगेलची झिमियन कंपनी विकत घेतलेली, आणि त्याच नोव्हेलनं नोव्हेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर पेटंटचा करार केला, मग लोक म्हणायला लागले की उद्या मायक्रोसॉफ्टनं पेटंट बाहेर काढली तर नोव्हेल वाचेल, आमचं काय? २००९ मध्ये डेबियननं टॉमबॉय डिफॉल्ट इन्स्टॉलमध्ये घ्यायचं ठरवल्यावर मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी जूनमध्ये लेखच लिहिला की मुक्त सॉफ्टवेअरनं सी शार्पवर अवलंबून राहणं धोक्याचं आहे. जुलैत मायक्रोसॉफ्टनं वचन दिलं की आम्ही ह्या ह्या गोष्टींवर पेटंट लावणार नाही, त्यानं ज्यांचा विश्वास आधीपासून होता त्यांचा वाढला, बाकीच्यांचा होता तिथंच राहिला.

त्याच वर्षी ह्यूबर्ट फिगिएर ह्यांनी काय केलं, तर टॉमबॉयच घेतलं आणि सी प्लस प्लसमध्ये उतरवून काढलं, नाव जीनोट. नवीन काही नाही, तेच अ‍ॅप, फक्त मोनो नको. फेडोरा १२ मध्ये टॉमबॉयच्या जागी जीनोट आलं. उबुंटूनं १०.१० ला एफ-स्पॉट हे मोनोवरचं फोटोंचं अ‍ॅप काढून वाला भाषेतलं शॉटवेल घेतलं आणि १२.०४ ला बॅन्शी हे मोनोवरचंच गाण्यांचं अ‍ॅप आणि टॉमबॉय दोन्हीला नारळ दिला.

आता गंमत बघा. पेटंटवरून कुणी कुणाला कोर्टात खेचलंच नाही. २०१४ पासून मायक्रोसॉफ्टनं डॉटनेट स्वतःच मोकळं करायला घेतलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मोनो प्रोजेक्ट वाईनच्या (विंडोजची अ‍ॅप्स लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) लोकांच्या हवाली करून टाकला. म्हणजे ज्या भीतीनं एवढं रामायण झालं ती खरी ठरली नाही, पण टॉमबॉय डिफॉल्टमधून गेलं ते गेलंच. स्टॉलमन चुकले असं मी म्हणणार नाही, त्या वेळी हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर ती काळजी वाजवीच होती. पण भाषा वाईट होती म्हणून टॉमबॉय गेलं असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. भाषा छान होती, तिच्या मागून येणारं बिल कुणाच्या नावावर फाटणार ते ठरत नव्हतं.

आणि ह्या गोष्टीचा खरा हिरो वेगळाच आहे. पुढं टॉमबॉय-एनजी आलं, ते फ्री पास्कल आणि लाझारसमध्ये लिहिलेलं आहे, हो पास्कल, आणि ते जुन्या टॉमबॉयच्या नोट्स उघडतं. म्हणजे सी शार्प, सी प्लस प्लस, पास्कल अशा तीन भाषा झाल्या, पण खाली एक्सएमएलच्या त्याच साध्या फायली. माझी २००८ मधली दिवाळीच्या किराण्याची यादी आजही उघडते, त्यात चिवड्याचे पोहे किती आणायचे ते सुद्धा आहे. झिम नावाचं दुसरं असंच अ‍ॅप आहे, ते आधी पर्लमध्ये होतं, २००९ च्या सुमारास पूर्ण पायथनमध्ये नव्यानं लिहिलं, पण टिपणं साध्या टेक्स्ट फायलीतच राहिली म्हणून कुणाचं काही बुडालं नाही. तुमच्या महिनाभराच्या भांडणात फाईलचा फॉरमॅट हा शब्द एकदा तरी आला का? मला वाटतं नसावा.

बरं आता तुमच्यातला सी प्लस प्लसवाला म्हणेल की जुनी मोठी प्रोजेक्ट्स सगळी सी नाहीतर सी प्लस प्लसमध्येच आहेत, त्याअर्थी काहीतरी असेलच. आहे, पण जे आहे ते बऱ्यापैकी इतिहासाचं आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये मॅथियास एट्रिशनं केडीई हा डेस्कटॉप जाहीर केला, क्यूटीवर. क्यूटी ट्रोलटेक ह्या नॉर्वेच्या कंपनीचं आणि त्याचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल आणि फेडेरिको मेना ह्यांनी ग्नोम काढलं, आणि गिंप ह्या चित्रांच्या अ‍ॅपसाठी लिहिलेलं जीटीके हे टूलकिट हाताशी होतं, ते सी मध्ये होतं, म्हणून सी. पुढं क्यूटी २००० मध्ये जीपीएल ह्या मुक्त लायसन्सखाली आणि २००९ मध्ये ४.५ पासून त्याहून सैल एलजीपीएलखाली आलं, मूळ कारण संपलं, पण तोवर दोन घरं वेगळी होऊन चुली मांडून झालेल्या.

तरी सी निवडण्यात एक शहाणपण होतं, आणि तेच मला तुम्हाला सांगायचंय. सी मध्ये लिहिलेल्या लायब्ररीला जगातली जवळजवळ कुठलीही भाषा हाक मारू शकते. सी प्लस प्लसचं तसं नाही, आणि त्या काळात तर जीसीसी ह्या कंपायलरची नवी आवृत्ती आली की एबीआय बदलायचा, म्हणजे आधी कंपाइल केलेल्या लायब्ररी नव्या अ‍ॅपशी बोलेनाशा व्हायच्या. किंमत काय मोजली? जीऑब्जेक्ट. सी मध्ये क्लास नाहीत, मग ते हातानं बांधायचे, एका साध्या क्लाससाठी पानभर मसाला लिहायचा आणि एक मॅक्रो चुकला की अर्धा दिवस गेला, मी असे खूप अर्धे दिवस घालवलेत. त्या वैतागातूनच २००६ मध्ये वाला निघाली, जी दिसते सी शार्पसारखी आणि कंपाइल होते सी मध्ये.

तर मुद्दा असा की लायब्ररीची भाषा आणि अ‍ॅपची भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायब्ररी खालच्या मजल्यावर असते, तिथं तुम्ही पाईप बदललेत तर वरच्या सगळ्यांचं पाणी जातं. अ‍ॅप म्हणजे गच्चीवरची कुंडी, हवं ते लावा. लोक ह्या दोन्हींवर एकाच आवाजात भांडतात म्हणून अर्धी भांडणं फुकट जातात.

ह्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे लिबआरएसव्हीजी. डेस्कटॉपवर एसव्हीजी चित्र काढून दाखवणारी लायब्ररी, सी मधली. तेच फेडेरिको मेना, ग्नोमवाले, त्यांनी २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ती थोडी थोडी रस्टमध्ये न्यायला सुरुवात केली, एक फंक्शन, मग दुसरं, बाहेरचा सी चा दरवाजा जसाच्या तसा ठेवून, म्हणजे वापरणाऱ्या अ‍ॅप्सना पत्ताही लागायला नको. आणि तो लागला नाहीच, बोंब उठली ती भलतीकडे. डेबियन अनेक जुन्या प्रोसेसरवर चालतं, एम६८के, अल्फा, एचपी-पीए वगैरे, आणि तिथं रस्टचा कंपायलरच नव्हता, त्यामुळं ती पोर्ट्स, म्हणजे त्या प्रोसेसरसाठीच्या डेबियनच्या आवृत्त्या, जुन्या २.४० आवृत्तीवरच अडकून पडली. अल्फा मशीन घरात जपणारा माणूस म्हणणार, मी काय घोडं मारलं तुमचं? आणि त्याचं बरोबर आहे, भाषा निवडली फेडेरिकोंनी आणि ओझं गेलं ह्याच्या डोक्यावर.

पण इथं मी फेडेरिकोंच्या बाजूनं आहे. एसव्हीजी फाईल येते कुठून तर इंटरनेटवरून, कुणीही बनवलेली, आणि तुम्ही ती डाउनलोड करून नुसतं फोल्डर उघडलंत तरी फाईल मॅनेजर थंबनेल काढायला ती वाचतो. परक्याची फाईल सी मध्ये उलगडायची म्हणजे बफरच्या बाहेर हात जाण्याची भीती कायम, आणि ही भीती कोट्यवधी लोकांची, जुनी मशीनवाले मूठभर. फायरफॉक्सनं सुद्धा पहिलं रस्ट कुठं घातलं तर २०१६ मध्ये आवृत्ती ४८ ला, एमपी४ फायली वाचणाऱ्या भागात. ग्नोम ४५ मधला लूप हा फोटो बघायचा अ‍ॅप, तो सुद्धा रस्टमध्ये. तेव्हा तुमच्या रस्टवाल्याला माझा प्रश्न, तुमच्या नोट्सच्या अ‍ॅपमध्ये परक्याची फाईल कुठं येते? आयात करताना येत असेल, वेबपान चिकटवताना येत असेल. तेवढा तुकडा रस्टमध्ये लिही आणि मोकळा हो. बटणं आणि मेनू रस्टमध्ये असल्यानं कुणाचंही संरक्षण होत नाही.

पायथनवाल्याला आता वाटत असेल आपली बाजू जिंकली. थांब जरा. पायथनचं ओझं लगेच कळत नाही, ते उशिरा येतं. २००९ मध्ये मी एका वाचनालयासाठी पुस्तकांची देवघेव सांभाळणारं छोटं अ‍ॅप पायजीटीकेमध्ये (पायथनमधून जीटीके वापरायचा जोड) लिहून दिलं, दोन शनिवार-रविवारात, फुकट, आणि लय भारी वाटलं होतं. मग जीटीके ३ आलं, पायजीटीके मागे पडलं, त्याच्या जागी पायजीऑब्जेक्ट, नावं सारखी दिसतात पण खिडकी उघडण्यापासून सगळं थोडं थोडं वेगळं. ते कसंबसं बदललं तर पायथन २ चीच घंटा वाजली, १ जानेवारी २०२० ला संपलं. मधे कुणीतरी तिथल्या मशीनवर नवीन लिनक्स टाकून दिलं आणि सकाळी नऊला ग्रंथपाल बाईंचा फोन, "अहो ते तुमचं उघडतच नाहीये आणि दारात सभासद उभे आहेत." दोन शनिवार-रविवारांचं काम मी नंतर एकूण दहाएक शनिवार-रविवार निस्तरलं. अ‍ॅप सी मध्ये लिहिलं असतं तर हे झालं नसतं का? जीटीके बदलल्याचा त्रास झालाच असता, भाषा बदलल्याचा मात्र नसता झाला.

कॅलिबर तुम्ही वापरलं असेल, ईबुकवालं, कोविद गोयल ह्यांचं, पायथन आणि क्यूटी. पायथन २ बंद होणार म्हणून सगळे घाबरवत होते तेव्हा ह्या गृहस्थांनी सरळ सांगितलं होतं की गरज पडली तर पायथन २ मी स्वतः सांभाळीन. लोक हसले. शेवटी सप्टेंबर २०२० ला कॅलिबर ५ पायथन ३ वर आलं, पण तोवर डिस्ट्रोवाल्यांचा जीव टांगणीला, कारण त्यांना पायथन २ काढून टाकायचं होतं आणि हे एक लोकप्रिय अ‍ॅप दार अडवून बसलेलं. माझ्या मते हट्ट कोविद ह्यांना परवडला, कारण ते एकटे रोज त्यावर काम करतात. तुम्हाला परवडणार नाही, तुम्ही जूनमध्ये नोकरीला लागाल.

जावास्क्रिप्टबद्दल दोन गोष्टी सांगतो, आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. ग्नोम शेल, म्हणजे ग्नोमचा मुख्य पडदा, २०११ पासून बराचसा जावास्क्रिप्टमध्ये आहे, खाली सी. २०१३ च्या फेब्रुवारीत ग्नोमच्या लोकांनी जाहीर केलं की नवीन अ‍ॅप्ससाठी आमची शिफारस जावास्क्रिप्ट, आणि पायथनवाले, वालावाले सगळे तुटून पडले, मी पण बडबडलो होतो तेव्हा. पुढं २०१८ मध्ये शेलच्या मेमरीवरून मोठा गाजावाजा झाला, दिवसभर चालू ठेवलं की रॅम चढतच जायची. कारण काय निघालं तर सी च्या बाजूच्या वस्तू रेफरन्स मोजून जगतात-मरतात आणि जावास्क्रिप्टची बाजू गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी गोळा करणारा, येईल तेव्हा साफ होते, त्यात एकामागून एक बांधलेल्या वस्तूंची माळ असली की कलेक्टरच्या प्रत्येक फेरीत एकच मणी सुटायचा. दोन्ही भाषा आपापल्या जागी ठीक होत्या, गळत होतं ते जोडावर. दोन भाषा वापरणार असाल तर जोड कमीत कमी ठेवा आणि तो कुठं आहे ते चौघांनाही माहीत असू द्या.

आणि इलेक्ट्रॉन. ह्याला शिव्या घालायची फॅशन आहे. शिव्या रास्त पण आहेत, नोट लिहायला अख्खा क्रोमियम ब्राउझर सोबत आणायचा, दोन ओळींचं अ‍ॅप केलं तरी डाउनलोड शंभर एमबीच्या घरात, आणि प्रत्येक अ‍ॅप आपापला ब्राउझर घेऊन येणार. इथं ओझं सरळ वापरणाऱ्यावर ढकललेलं असतं, त्याला कुणी विचारत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या चार जीबीच्या मशीनवर अशी तीन अ‍ॅप्स उघडून बघा, चौथ्याला माउस हलत नाही. पण जॉप्लिन इलेक्ट्रॉनमध्ये आहे आणि लोक ते आनंदानं वापरतात. आणि इलेक्ट्रॉनची एक बाजू अशी आहे जी आपल्याकडच्या माणसानं तरी विसरू नये, ती म्हणजे देवनागरी.

इथं जरा थांबतो, कारण तुमचं अ‍ॅप मराठी आहे आणि तुमच्या चौघांच्या यादीत हे कुठंच नाहीये. भाषा निवडली की टूलकिट ठरतं आणि टूलकिट ठरलं की अक्षरं कोण जुळवणार ते ठरतं. जीटीके, क्यूटी, लिबरऑफिस, फायरफॉक्स, क्रोमियम, ह्या सगळ्यांच्या पोटात अक्षरं जुळवायला हार्फबझ आहे, स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं आणि बाहेरून सी चा दरवाजा असलेलं (आलं का लक्षात, परत तेच). ते इतकं मुरलेलं आहे की आपण त्याचा विचारच करत नाही. पण नवीन भाषेतली नवीन टूलकिट्स बरेचदा चित्रं काढणाऱ्या किंवा गेम लिहिणाऱ्या लोकांनी सुरू केलेली असतात, त्यांच्या डोक्यात मजकूर म्हणजे ए बी सी एकापुढे एक ठेवायचे. रस्टचं आइस्ड हे टूलकिट घ्या, ज्याच्यावर सिस्टम७६ ह्या कंपनीनं कॉस्मिक डेस्कटॉप बांधलाय, त्यात सुद्धा जोडाक्षरं नीट जुळवणारी कॉस्मिक-टेक्स्ट ही लायब्ररी २०२३ मध्ये आली. त्याआधी तिथं मराठी लिहिलं असतंत तर वेलांटी शेजारच्या घरी गेली असती.

म्हणून माझी एक जुनी परीक्षा आहे. टूलकिटमध्ये एक साधा टेक्स्टबॉक्स काढायचा आणि त्यात टाईप करायचं, दर्या आणि दऱ्या. मग आचार्यांना आणि आचाऱ्यांना. रफार आणि आपला अर्धा ऱ्य वेगळे दिसले पाहिजेत, नाहीतर समुद्राच्या डोंगरदऱ्या आणि गुरुजींचे स्वयंपाकी होतात. हिंदीवाल्यांना हा र लागत नाही त्यामुळं परदेशी डेव्हलपरनं हिंदी तपासून ओके दिलेलं असलं तरी आपलं अडू शकतं. मग मधेच कर्सर नेऊन बॅकस्पेस दाबा, काय काय पुसलं जातं बघा. मग आयबस, म्हणजे लिनक्सवर टायपिंगची पद्धत बदलून देणारं साधन, लावून इनस्क्रिप्टनं आणि नंतर फोनेटिकनं लिहून बघा, टाईप करताना अक्षर जागेवर उमटतं की खिडकीच्या कोपऱ्यात भलतीकडे. मग ओर्का चालू करा, तो पडदा वाचून दाखवतो, दृष्टिहीन माणसासाठी, आणि बघा तुमचं बटण तो वाचतो का नुसता गप्प बसतो. मी एकदा फार सुंदर दिसणाऱ्या एका टूलकिटमध्ये तीन महिने घालवले होते आणि ओर्का गप्पच. दृष्टिहीन वापरणाऱ्यासाठी ती खिडकी म्हणजे रिकामी भिंत होती. तीन महिने पाण्यात. ही परीक्षा अर्ध्या दिवसाची आहे, तुमचा महिना वाचला असता.

आणखी एक किस्सा आणि मग तुमच्यावर येतो. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्सना सी प्लस प्लस किती आवडते हे सगळ्यांना माहीत आहे, २००७ मध्ये त्यांनी तिची जाहीर धुलाई केलेली. तेच लिनस स्कूबा डायव्हिंग करतात, आणि २०११ मध्ये डायव्हिंगच्या नोंदी ठेवायला त्यांनी सबसर्फेस लिहिलं, सी आणि जीटीकेमध्ये, अर्थातच. आणि २०१३ च्या शेवटी सबसर्फेस ४ आलं ते क्यूटीवर, म्हणजे सी प्लस प्लसवर. मेंटेनर डर्क होंडेल ह्यांनी नंतर ह्यावर भाषणच दिलं, आणि त्यात कारणं होती कागदपत्रं किती चांगली, मॅक आणि विंडोजवर किती नीट चालतं, आणि अडल्यावर विचारलं तर समोरून कोण उत्तर देतं. नेटवर्कवरची वाहतूक तपासणाऱ्या वायरशार्कनं पण तेच केलं, २०१५ च्या २.० मध्ये पडदा क्यूटीचा, आतलं पॅकेट फोडणारं काम सी मध्येच राहिलं. म्हणजे ज्या माणसाला ती भाषा बघवत नाही त्याच्या प्रोजेक्टला सुद्धा टूलकिट आणि माणसं बघून तीच घ्यावी लागली.

तर तुमचं. विंडोज आणि लिनक्स दोन्ही पाहिजे म्हणता, तिथंच माझ्यासाठी जीटीके मागे पडतं, विंडोजवर ते चालतं, गिंप आणि इंकस्केप चालतातच की, पण तिथं त्याला बघणारे हात कमी आहेत. क्यूटी घ्या. पायथनमधून घ्या, पायसाइड ६ ह्या जोडातून, कारण चौघांपैकी तिघांना पायथन येतं असं तुम्हीच लिहिलंय आणि नोट्सच्या अ‍ॅपमध्ये अर्धा वेळ माणूस विचार करत बसलेला असतो, तिथं वेग कशाला पाहिजे. पायक्यूटी हा दुसरा जोड नको, तो जीपीएल किंवा विकतचा, पायसाइड एलजीपीएल आहे आणि क्यूटीवाल्यांचंच आहे, उद्या लायसन्सवरून आणखी एक महिना जायला नको. सी प्लस प्लसवाल्याला सांगा क्यूटी आलंच आहे, रुसू नको, जिथं खरंच अडेल तिथला भाग तुझा. रस्टवाल्याला आयातीचं आणि शोधाचं काम द्या, पण आधी पायथनमध्ये लिहून ते हळू चालतंय हे घड्याळ लावून दाखवा, मगच. इलेक्ट्रॉनवाल्याचा मुद्दा दोन आठवड्यांचा आहे ना, तर त्याला दोन आठवडे द्या आणि कच्चा नमुना करून घ्या, तुम्हाला काय हवंय ते त्यातून कळेल, आणि तो फेकून द्यायचा आहे हे त्याला आधीच सांगा. न सांगता फेकलात तर पाचवं भांडण.

पायथन अ‍ॅप विंडोजवर पोचवायला पायइन्स्टॉलर आणि लिनक्सवर फ्लॅटपॅक. फ्लॅटपॅकमुळं डिस्ट्रोवाल्याच्या डोक्यावर तुमची पायथनची आवृत्ती बसत नाही, ती तुमच्यासोबतच राहते, आकार वाढतो पण ते ओझं निदान तुमच्या नावावर राहतं.

आणि टिपणं साध्या टेक्स्ट फायलीत, एक टिपण एक फाईल, यूटीएफ-८, फोल्डर वापरणाऱ्याला दिसेल असा. शोधासाठी एसक्यूलाइट ह्या छोट्या डेटाबेसचा इंडेक्स ठेवा पण तो कधीही पुसून पुन्हा बांधता आला पाहिजे, त्यात एकही अक्षर असं नको जे फायलीत नाही. ऱ्य दोन तऱ्हांनी टाईप होतो, ऱ वापरून किंवा साध्या र ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून, दिसायला एकच पण कोड वेगळे, तर शोधण्याआधी दोन्ही एकसारखे करून घ्या, नाहीतर "सुऱ्या" शोधल्यावर अर्धे सापडणार नाहीत. हे चौघांनी आज रात्रीच बसून एका पानावर लिहून काढा, हे ठरवायला कुठलीच भाषा लागत नाही. दर्या-दऱ्याची परीक्षा पायसाइडवर उद्या करून बघा, आणि विंडोजवर काही वाकडं दिसलं तर कुठला फॉन्ट वापरला ते आणि स्क्रीनशॉट टाका, मी बघतो.